देवाच्या उशाकडचं दार

ज्या स्टेशनाची ही गोष्ट आहे त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. बेलझिरी म्हणू. सौंसरहून सकाळच्या पॅसेंजरनं पाऊण तास लागतो. नाव लपवण्यात तसा काही अर्थ नाही, कारण आमच्या भागातलं कुठलंही लहान स्टेशन डोळ्यांपुढं आणलं तरी काम भागेल. एक प्लॅटफॉर्म, तीन बाक, एक नळ ज्याला पाणी येत नाही आणि एक नळ ज्याचं पाणी थांबत नाही. हंगामात संत्र्यांची सालं, बाकी वर्षभर गुटख्याच्या पुड्या. कचऱ्याचा डबा होता, तो कोणीतरी बसायला म्हणून पालथा घातला आणि मग तो तसाच राहिला.

मी बेलझिरीच्या गुरांच्या दवाखान्यात सहायक आहे. गावातले सगळे मला डॉक्टर म्हणतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. नाव देवीदास. माझी बायको अमिता त्याच भागात नर्स आहे. लसींचा निळा डबा खांद्याला अडकवून ती चार गावं पायी फिरते. राहायला आम्ही सौंसरला. सकाळी आठच्या गाडीनं दोघं मिळून जायचं, संध्याकाळी पाच दहाच्या गाडीनं परत. पाच दहा हे कागदावर. गाडी कधी साडेसहाला येते, कधी सातला, आणि चारनंतर बेलझिरीहून बस नाही. मोटारसायकल मी चालवत नाही, कंबरेचे दोन मणके सरकलेले आहेत.

आता अमिताच्या दिवसाचा हिशेब बघा. चार गावांतल्या घराघरांत सरकारी संडास आहेत, पण त्यांतल्या निम्म्यांत पऱ्हाट्या भरलेल्या. कापूस निघाला की झाडांच्या या वाळक्या काड्या कुठंतरी ठेवाव्याच लागतात आणि छप्पर असलेली दुसरी जागा नसते. उरलेल्या संडासांना पाणी नाही. म्हणजे सकाळी घर सोडलं की रात्री घर येईपर्यंत बाईनं करायचं काय? अमितानं त्यावर उपाय काढला होता, तो म्हणजे पाणी न पिणं. गरोदर बायांना ती दिवसाला बारा ग्लास पाणी प्यायला सांगायची आणि स्वतः दिवसभरात अर्धी वाटी प्यायची.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये तिला थंडी वाजून ताप भरला. लघवीचं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. नागपूरच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवावं लागलं. निघताना डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. डावं मूत्रपिंड बरंच खराब झालंय, म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी पोटात जायला पाहिजे आणि लघवी रोखून धरायची नाही. हे पुन्हा झालं तर आपल्या हातात फार काही राहणार नाही. मी मान हलवली. बैलाला वेळेवर लस द्या म्हटलं की शेतकरी जशी हलवतात, तशीच.

बेलझिरी स्टेशनाच्या टोकाला बायकांसाठी संडास होता. पाटी होती, दार होतं, दाराला कुलूप होतं. आत मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे वाळलेले डबे. तो उघडायचं अमितानं मनावर घेतलं. स्टेशनमास्तरांना अर्ज, मोबाइलवरून तक्रार, पुन्हा अर्ज. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून मंगळवारची जनसुनावणी तिथंच होते, तर एका मंगळवारी सुट्टी टाकून ती तिथंही गेली. तिथल्या साहेबांनी सांगितलं की रेल्वे आमच्या हातात नाही, पण पत्र लिहितो, आणि खरोखरच लिहिलं. या सगळ्याला अकरा महिने लागले. मी एकाही अर्जावर सही केली नाही. सरकारी माणसानं असल्या भानगडीत पडू नये, असं मी तिला समजावायचो. तीही सरकारीच होती, याची ती मला आठवण करून द्यायची आणि पुढचा अर्ज लिहायला बसायची.

शेवटी कुलूप निघालं. आठवड्यातून तीनदा झाडायला गावातल्या देवकाबाईंना ठेकेदारानं लावलं. त्या म्हाताऱ्या, पण कामाला चोख. फरशी पांढरी दिसायला लागली, आणि तेव्हा खरी अडचण लक्षात आली.

संडासाच्या दाराला लागून सात-आठ फुटांची एक भिंत होती. बेलझिरी गावातल्या आणि गाडीनं येणाऱ्या-जाणाऱ्या यच्चयावत पुरुषांची ती जागा होती. किती वर्षांपासून, ते कोणी सांगू शकत नव्हतं. भिंत खालून हिरवी आणि वरून थुंकीनं तांबडी झाली होती. दारापर्यंत जायचं तर त्या ओल्यातून, साडी वर धरून, चार पुरुषांच्या पाठीमागून जावं लागायचं. देवकाबाई पावडर टाकून धुवायच्या आणि अर्ध्या तासात सगळं पहिल्यासारखं व्हायचं. अमितानं दोन-चारदा तिथं उभ्या असलेल्यांना टोकलं. ते फार सभ्यपणे बाजूला झाले, "हो जी सिस्टर" म्हणाले, ती जाईपर्यंत थांबले आणि मग पुन्हा भिंतीला लागले. आणि खरं सांगायचं तर त्या भिंतीचं मीही जुनं गिऱ्हाईक होतो. ती प्लॅटफॉर्मवर नसताना मीही तिथंच जायचो. दुसरीकडं कुठं जायचं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

पुंडलिकराव गुरुजी रोज संध्याकाळी स्टेशनवर यायचे. कुठं जायचं नसायचं, गाडी बघायची असायची. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं बेलझिरीच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळं भिंतीला उभे राहणारे निम्मे तरी त्यांचे विद्यार्थी. ते आले की विद्यार्थी वाकून नमस्कार करायचे आणि गुरुजींची पाठ वळली की आपल्या कामाला लागायचे. एक दिवस त्यांच्यासमोरच अमिता त्या दारापर्यंत गेली, नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं थांबली आणि तशीच परत फिरली. बाकावर येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. गुरुजींनी तिला काही विचारलं नाही. नंतर मला जरा बाजूला घेतलं.

"देवीदास, बायकोसाठी तू काही करून राहिला का?"

मी म्हटलं, काय करणार गुरुजी, लोकच तसे आहेत. त्यावर ते म्हणाले की लोक आपणच शिकवलेत, त्यामुळं शिकवून होत नाही हे आपल्याला चांगलं माहीत आहे. मग त्यांनी आपला विचार सांगितला. भिंतीशी एक दगड उभा करायचा आणि त्याला शेंदूर फासायचा. बस, एवढंच. चाळीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: माणूस दोघांनाच भितो, इन्स्पेक्टरला आणि मारुतीला. इन्स्पेक्टर या भिंतीपाशी यायची शक्यता नव्हती.

आमच्या भागात हे काही नवीन नाही, शहरातही लोक जिन्यात देवांच्या टाइल्स लावतात. मला ते पटलं. पटलं याचं मुख्य कारण असं की त्यात कोणाशी भांडावं लागणार नव्हतं. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन मी शेंदूर आणला. घरी अमितानं तो चमेलीच्या तेलात कालवून दिला. कशाला पाहिजे म्हणून विचारलं, तर मी सगळं सांगितलं. ती हसली. नागपूरहून आल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पॅसेंजर नसते. बेलझिरीत एका म्हशीचं रेडकू अडलं होतं म्हणून मालकानंच जीप पाठवली होती. ते काम आटोपून दुपारी दोन वाजता मी स्टेशनावर गेलो. गुरुजी आधीच येऊन बसले होते. जुन्या मालधक्क्याच्या बाजूला हद्दीचे टाकून दिलेले दगड पडलेत, त्यांतला एक त्यांनी हेरून ठेवला होता. दोन-अडीच हात लांब, एका बाजूनं जाड. तो आम्ही लोटत, सरकवत, थांबत भिंतीपर्यंत आणला. तीसेक पावलांच्या अंतराला एक तास लागला. त्या तासात तीन माणसं तिथून गेली. एकानं आमच्याकडं पाहिलं, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला थुंकला आणि निघून गेला. काय करताय म्हणून कोणी विचारलं नाही. झाडू घेऊन उभे असतो तर नक्की विचारलं असतं.

दगड उभा करायचा होता. आम्ही तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा माझ्या कंबरेत अशी कळ गेली की मी खालीच बसलो. गुरुजींना एकट्यानं तो पेलवत नव्हता. ते म्हणाले, राहू दे निजलेला, शेंदूर लागला म्हणजे झालं. मग आडव्या दगडालाच शेंदूर फासला, वर चार झेंडूची फुलं टाकली आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. पुढं दोन दिवस मी अंथरुणात होतो. अमिता सकाळ-संध्याकाळ कंबरेला मलम चोळत होती आणि अधूनमधून पुन्हा हसत होती.

आमची चूक नेमकी ती होती. उभा दगड असता तर कोणी म्हसोबा म्हटलं असतं, कोणी नुसताच देव, लांबून हात जोडून लोक पुढं गेले असते. असे दगड गावागावांत असतात आणि त्यांचं कोणी फार मनावर घेत नाही. पण निजलेला, शेंदूर लावलेला दगड म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते. जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर तिथं जातोय. त्या दुपारी मात्र आम्हाला फक्त माझी कंबर दिसत होती.

स्टेशनाबाहेर चहाचं दुकान असलेला राजू पहिल्यांदा बोलला. राजू वाईट माणूस नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर किटलीभर चहा न सांगता पोचवतो. तो म्हणाला की हा जामसांवलीचाच हनुमान आहे, इथं येऊन विसावला. त्या बुधवारी भिंत कोरडी होती. गुरुवारी हार पडला. शनिवारी पहिला नारळ फुटला. पुढच्या शनिवारी बोरगावहून माणसं आली, आणि त्यानंतर मी मोजायचं सोडून दिलं. भिंतीला चुना लागला, मग रंग, मग पितळी घंटा. वर्गणी करून वर टिनाचं शेड आलं. ज्या भिंतीला पिढ्यान्‌पिढ्या कोणी वाचवू शकलं नव्हतं, तिच्यासमोर लोक चपला काढायला लागले.

गुरुजी आणि मी एकमेकांकडं बघून गप्प राहायचो. गंमत वाटत होती. आणि अमिताचं म्हणाल तर ते दोन महिने तिचे सुखाचे होते. दारापर्यंतची वाट कोरडी झाली. ती पाणी प्यायला लागली. एक लिटरची बाटली सकाळी भरून घ्यायची, दुपारी कोणाकडं तरी पुन्हा भरायची. गाडीची वाट बघताना बाकावर बसून संत्री सोलायची आणि दिवसभरातल्या गोष्टी सांगायची. कोणाचं बाळ साडेतीन किलोचं झालं, कोणती सासू सुईला भिऊन नातवाला घेऊन कोठ्यात लपली. त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या. गाडी उशिरा आली तरी चालेल असं वाटायचं. जानेवारीत नागपूरला रिपोर्ट दाखवले तेव्हा डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा.

बाकी स्टेशन होतं तसंच होतं. उलट जरा जास्त घाण. देवासमोरच्या आठ फुटांत दिवसातून दोनदा झाडून पाणी शिंपडलं जायचं, पण नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची पाकिटं, तेलाच्या प्लॅस्टिकच्या पुड्या, भंडाऱ्याचे द्रोण हे सगळं त्या आठ फुटांच्या बाहेर लोटून द्यायचे. तिथून पुढं ते रुळावर. ते उचलायच्या देवकाबाई. एकदा त्या एक करवंटी उचलायला शेडच्या आत वाकल्या, तर राजू म्हणाला की मावशी, तुम्ही इकडं येऊ नका, तो झाडू संडासातला आहे. अगदी हळू आवाजात बोलला. देवकाबाई मागं सरकल्या. आम्ही दहा-बारा जण तिथं होतो. मी पेढा खात होतो, तो खाऊन संपवला.

फेब्रुवारीत शेडला संगमरवर लावायचं ठरलं आणि नकाशा काढताना कोणाच्या तरी लक्षात आलं की देवाच्या शेजारी संडासाचं दार आहे. दार आधीपासून होतं, देव नंतर आला, हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही. चर्चा अशी झाली की देवाचं डोकं कुठल्या बाजूला आहे. पाय असते तर एक वेळ चाललं असतं. दगडाला ना डोकं ना पाय, पण राजूनं बारकाईनं पाहून सांगितलं की जाड बाजू ती डोक्याची. जाड बाजू संडासाकडं होती. ती तिकडं का होती तर माझी कंबर त्या बाजूनं गेली म्हणून. मग सगळे म्हणायला लागले, देवाच्या उशाशी संडास, हे काही बरं दिसत नाही.

मंगळवारी आरतीच्या आधी शेडमध्ये बैठक ठरली. पन्नासेक माणसं जमणार होती. त्या दिवशी सकाळी घरी डबा भरता भरता अमिता मला म्हणाली, "आज गुरुजी सगळं खरं सांगणार हायेत. ते तुमाले विचारतील. तुमी फक्त हो म्हणजा." मी हो म्हटलं. तिनं आणखी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांचं बोलणं मी तिला कधी पूर्ण सांगितलं नव्हतं, पण ती नर्स आहे, रिपोर्ट तिला माझ्यापेक्षा बरे वाचता येतात.

बैठकीला स्टेशनमास्तरही येऊन बसले होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं की आमच्याकडून काही अडचण नाही, कुलूप काय, आधीही होतंच. मग ते मोबाइलमध्ये बघत बसले. राजूनं ठराव मांडला: दुसरी व्यवस्था होईपर्यंत हा संडास बंद ठेवावा. दुसरी व्यवस्था कोण करणार, कधी करणार, हे कोणी विचारलं नाही. अमिता चार-पाच बायकांबरोबर पलीकडच्या बाकावर बसली होती. तिथून सगळं ऐकू येत होतं.

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांनी शाळेत सांगायचे तसं सगळं क्रमानं सांगितलं. भिंत कशी होती, बायकांना काय त्रास होता, मालधक्क्यावरून दगड कसा आणला, उभा करता आला नाही म्हणून आडवा कसा ठेवला. ते म्हणाले की तुम्ही पूजा करा, माझी हरकत नाही, पण हा दगड बायकांना संडासाला जाता यावं म्हणून ठेवला आहे, आणि त्याच्याच नावानं तुम्ही त्यांचं दार बंद करू नका.

मग राजू पुढं झाला आणि गुरुजींच्या पाया पडला. म्हणाला, "गुरुजी, तुमचे हात लागले हे तुमचं भाग्य जी. पण आणणारा तो हाय." लोकांनी माना डोलावल्या. गुरुजी म्हणाले की मी भाग्याचं बोलत नाही, मी दगड कुठून आला ते सांगतोय, आणि खोटं वाटत असेल तर डॉक्टरला विचारा, तो होता माझ्यासंग.

सगळे माझ्याकडं वळले. एकानं मोबाइल वर धरला होता.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी बऱ्याचदा आठवून पाहिलं आहे. फार काही आलं नाही. एवढंच आलं की या सगळ्यांच्या गोठ्यांत मी जातो. की नोकरीची अकरा वर्षं बाकी आहेत. की भावना दुखावल्या म्हणून उद्या कोणी ठाण्यात गेलं तर व्हिडिओत मीच असेन. खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. मला दोघांचंही मन राखायचं होतं.

मी म्हटलं, "शेंदूर आम्हीच लावला, हे खरं हाय. पण दगड तिथंच होता."

हे वाक्य मी सुटकेसाठी बोललो, आणि त्यांना नेमकं तेवढंच पाहिजे होतं. दगड आधीपासून तिथंच होता म्हणजे तो कोणी आणला नाही. तो कोणी आणला नाही म्हणजे स्वयंभू. गुरुजींनी फक्त शेंदूर लावला, वयामुळं त्यांना बाकीचं नीट आठवत नसेल. कोणीतरी घंटा वाजवली. मग जयजयकार झाला आणि त्यातच ठराव पास झाला. गुरुजी माझ्याकडं बघत उभे होते. रागानं नाही. चाळीस वर्षांत पुष्कळ पोरं त्यांच्यासमोर असं काही बोलली असतील, तसे ते बघत होते. मग ते खाली वाकून आपल्या चपला शोधायला लागले. त्या दिवसापासून ते गाडी बघायला आले नाहीत.

कुलूप राजूनं आणून ठेवलेलंच होतं. ते लावून दारावर कागद चिकटवला, माता-भगिनींनी सहकार्य करावे म्हणून. माता-भगिनी बाकावर बसून बघत होत्या.

गाडीत अमिता खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. मी दोनदा बोलायला सुरुवात केली. मी म्हणालो की असं एकदम तोडून बोलता येत नाही, पन्नास माणसं होती. तिनं ऐकलं. घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, स्वतः जेवली. माझी जी काही इच्छा होती, की तिनं एकदा भांडून घ्यावं, ती तिनं पुरी केली नाही.

सकाळी तिनं बाटली भरली आणि मला समोर बसवून सांगितलं. "पाणी पिणं मी सोडनार नाही. मले जगायचं हाय. संध्याकाळी प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाले झुडपाच्या मागं बसीन, तुमी इकडं पाठ करून उभे राहाचं. कोणी विचारलं तं खरं सांगजा. काल सांगता नाही आलं, आता रोज सांगा."

मी म्हटलं, बरं.

त्या संध्याकाळी मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला, उतार संपतो तिथं, झुडपांकडं पाठ करून उभा राहिलो. तोंड देवळाकडं. समोर आरती सुरू होती. माणसं येत होती, माझ्याकडं बघत होती आणि पुढं जात होती. पाच मिनिटं ही किती मोठी असतात ते मला तिथं कळलं. आरती संपल्यावर राजू ताट घेऊन सगळ्यांना प्रसाद वाटत वाटत माझ्यापर्यंत आला. आरती सोडून इथं काहून उभे आहात म्हणून त्यानं विचारलं.

मी सांगितलं, "अमिता मागं बसली हाय. संडासाले कुलूप हाय म्हणून." आणि मग त्यानं न विचारताच मी पुढं म्हटलं, "तो दगड तिथं नव्हता राजू. मालधक्क्यावरून आमी लोटत आणला. काल मी खोटं बोललो."

मला वाटलं होतं तो ताट खाली ठेवेल, ओरडेल, माणसं जमतील. राजूनं ऐकून घेतलं. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली.

"बरं जी डॉक्टर," तो म्हणाला. "आता काय त्याचं." आणि झुडपांकडं नजर जाऊ नये म्हणून मान वळवून तो परत गेला. जाताना दोघा-तिघांना बजावत गेला की तिकडं जाऊ नका, तिकडं बाया आहेत.

या माणसाला मी काल भ्यालो होतो. काल हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. कदाचित तेव्हाही तो बरं जी म्हणाला असता आणि कुलूप लावलंच असतं. पण कदाचित पन्नासांतल्या पाच जणांनी मान खाली घातली असती, आणि पाच जणांमुळं एखादं दार उघडं राहू शकतं. आता एकेकट्याला सांगून त्याचं काही होत नाही. मी सांगतो, लोक ऐकतात, मान हलवतात आणि आरतीला जातात.

चार-पाच दिवसांनी सौंसरच्या कॉलेजातून परत येणाऱ्या दोन मुली तिथं घुटमळताना दिसल्या. अमितानं त्यांना बोलावलं. मग अंगणवाडीच्या बाई आल्या. होळीपर्यंत सात-आठ जणी झाल्या. देवकाबाई सगळ्यात शेवटी येतात, हातात झाडू असतोच, तो माझ्या पायाशी टेकवून ठेवतात. मी रोज पाठ करून उभा असतो. कोणी विचारलं तर खरं सांगतो, पण आता कोणी विचारतही नाही.

काल गाडी खूप उशिरा होती. एक नवीनच मुलगी आली होती, शाळेच्या कपड्यांत, आणि माझ्याकडं बघून अडखळून उभी राहिली. अमिता झुडपांतून बाहेर आली, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, साडी झटकली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्या मुलीला म्हणाली, "जा वो पोरी, भिऊ नको. तो माणूस काही बोलत नाही."